मणी मोजणारे हात

रमजानमधली गोष्ट आहे. तरावीह संपून लोक घरोघर गेले होते. मशिदीच्या खांबाला टेकून गावातले एक वयस्क गृहस्थ तसबीह फिरवीत बसले होते. मुंबईहून सुट्टीवर आलेला एक तरुण त्यांच्यापाशी गेला. त्याने अदबीने सलाम केला आणि म्हणाला, ''चाचा, ही माळ दीनमध्ये नाही. ती ख्रिस्ती लोकांकडून आपल्यात शिरली. बोटांवर मोजत जा.'' चाचांनी त्याच्याकडे एकदा पाहिले. वाद घातला नाही. तसबीह मुठीत गोळा केली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि चपला शोधून निघून गेले. पुढच्या दिवसांत त्यांच्या हातात तसबीह दिसली नाही. पण बोटांवर मोजतानाही ते दिसले नाहीत. नमाज झाली की उठून जात.

मी तिथेच बसलो होतो. त्या तरुणाचे म्हणणे मला अर्धे पटले होते, अर्धे खटकले होते. आणि दोन्हीसाठी माझ्यापाशी पुरावा नव्हता. म्हणून गप्प बसलो.

त्याच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या होत्या. बोटांवर मोजणे ही सुन्नत आहे, हे खरेच. परंतु माळ ख्रिस्ती लोकांकडून आली, हे इतिहासाविषयीचे विधान आहे, आणि इतिहासाचे विधान इतिहासालाच विचारून पाहावे लागते. तो शोध घेता घेता मला ख्रिस्ती जपमाळेची सारी कहाणी वाचावी लागली. त्यांच्याकडेही एकाने दुसऱ्याला 'माळ खिशात टाक' असे सांगितले होते. नुसते सांगितले नव्हते, कायदा केला होता. आणि चारशे वर्षांनी त्याच लोकांच्या वारसांनी पुन्हा माळ ओवायला घेतली. ती कहाणी आपल्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

मांडीवरचे खडे

इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे तीनशे वर्षे, म्हणजे इ.स. च्या चौथ्या शतकात, मिसरच्या वाळवंटात ख्रिस्ती संन्यासी राहू लागले होते. शहर सोडून गुहेत किंवा झोपडीत राहावे, टोपल्या विणून पोट भरावे आणि अखंड प्रार्थना करावी असा त्यांचा जीवनक्रम. या लोकांच्या हकिकती पॅलेडियस नावाच्या बिशपने इ.स. ४२० च्या सुमारास लिहून ठेवल्या. त्यात फेर्मे नावाच्या डोंगरावर राहणाऱ्या पॉल नावाच्या संन्याशाची हकिकत आहे. तो दररोज तीनशे प्रार्थना म्हणे. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून तेवढेच खडे वेचून मांडीवर घेई आणि एक प्रार्थना झाली की एक खडा टाकून देई. ख्रिस्ती जगातील प्रार्थना मोजण्याच्या साधनाचा हा अगदी जुना उल्लेख. दोरा नाही, मणी नाहीत; ओंजळभर खडे.

या पॉलला एक दिवस मोठे दुःख झाले. एका खेड्यात राहणारी कोणी व्रतस्थ स्त्री रोज सातशे प्रार्थना म्हणते असे त्याला कळले. आपण तीनशेच म्हणतो या विचाराने तो खचला आणि मॅकेरियस नावाच्या वृद्ध संन्याशाकडे गेला. मॅकेरियसने दिलेले उत्तर पॅलेडियसने नोंदवले आहे. त्याचा आशय असा : मी साठीला आलो. मी रोज शंभरच प्रार्थना म्हणतो, हाताने काम करून खातो, आल्यागेल्या बांधवांशी चार शब्द बोलतो, आणि माझे मन मला दोष देत नाही. तू तीनशे म्हणतोस आणि तरी तुझे मन तुला खाते, तर एक तर तू त्या मनापासून म्हणत नाहीस, किंवा अधिक म्हणू शकत असून म्हणत नाहीस.

ही हकिकत वाचताना मला हजरत जुवैरिया (र.) यांची हदीस आठवली. प्रेषित मुहंमद (स.) पहाटे त्यांच्या हुजऱ्यातून बाहेर पडले तेव्हा त्या मुसल्ल्यावर बसून जिक्र करीत होत्या. दिवस वर आल्यावर प्रेषित (स.) परतले, तरी त्या तिथेच होत्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, तुझ्याकडून गेल्यानंतर मी चार वाक्ये तीन वेळा म्हटली, तुझ्या सकाळपासूनच्या साऱ्या जिक्रबरोबर ती तोलली तर तीच भारी ठरतील. सहीह मुस्लिममधील ही हदीस आहे. मिसरच्या वाळवंटातला संन्यासी आणि मदिनेतील उम्मुल मोमिनीन यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मोजू लागले की आकड्याचा मोह होतो, आणि मग वजनाची आठवण कोणीतरी करून द्यावी लागते, हे दोन्हीकडे दिसते.

कुफ्याच्या मशिदीत

आपल्याकडे मोजणीचा प्रश्न अगदी पहिल्या पिढीत उभा राहिला. हजरत फातिमा (र.) यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते. एखादी दासी मिळावी म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. त्यांना दासी मिळाली नाही. झोपण्यापूर्वी म्हणायचा जिक्र मिळाला. तेहतीस वेळा सुब्हानल्लाह, तेहतीस वेळा अल्हम्दुलिल्लाह, चौतीस वेळा अल्लाहू अकबर. मिळून शंभर. (पुढे दख्खनमध्ये विजापूरच्या सूफी परंपरेत जात्यावर बसलेल्या बायकांसाठी दखनी भाषेत चक्कीनामे रचले गेले. जात्याच्या फेऱ्याबरोबर जिक्र. त्या बायकांना माळेची गरज नव्हती. जातेच त्यांची माळ होते.)

शंभर मोजायचे कसे? हजरत युसैरा (र.) यांच्या हदीसमध्ये बोटांवर मोजण्यास सांगितले आहे, कारण कयामतच्या दिवशी बोटांना विचारले जाईल आणि ती बोलतील. दुसरीकडे, खजुराच्या बिया किंवा खडे पुढे घेऊन जिक्र करणाऱ्या एका बाईची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. प्रेषितांनी (स.) तिला याहून सोपे आणि उत्तम काय ते सांगितले; खडे फेकून दे असे म्हटले नाही. तिसरी घटना कुफ्याच्या मशिदीतली. काही लोक गोल करून बसले होते, मधला माणूस 'शंभर तकबीर म्हणा' असे सांगे आणि बाकीचे खड्यांवर मोजीत. हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद (र.) तिथे आले आणि संतापले. तुमची पापे मोजा, पुण्य हरवणार नाही याची हमी मी घेतो, अशा अर्थाचे ते बोलले. इमाम दारिमींनी ही घटना नोंदवली आहे.

तसबीहच्या विरोधातले आणि बाजूचे दोन्ही पुरावे असे पहिल्या पिढीपासून शेजारी शेजारी आहेत. सूफींचे सरदार मानले गेलेले बगदादचे हजरत जुनैद (मृत्यू इ.स. ९१०) यांच्या हातात माळ पाहून कोणी विचारले, एवढ्या मोठ्या पायरीवर पोचूनही तुम्हाला हिची गरज? त्यावर, ज्या वाटेने मी माझ्या रबपर्यंत पोचलो ती वाट मी सोडणार नाही, असे त्यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. पुढे इमाम जलालुद्दीन सुयूती (मृत्यू इ.स. १५०५) यांनी तसबीहच्या समर्थनार्थ एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

पण इथे आपल्या मूळ प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खडे आणि बिया दोन्ही धर्मांत आरंभी दिसतात. ज्याला मोजायचे आहे तो पायाशी पडलेली वस्तू उचलतो. खडा उचलण्यासाठी कोणाकडून काही उसने घ्यावे लागत नाही.

श्वासाबरोबरची गाठ

मिसरच्या संन्याशांची परंपरा पुढे सिनाई पर्वतावर आणि तिथून ग्रीसमधील अॅथॉस पर्वतावरच्या मठांत रुजली. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत हजरत ईसांचे नाव घेऊन 'मज पाप्यावर दया कर' अशा अर्थाचे एक लहानसे वाक्य हजारो वेळा म्हणण्याची साधना आहे. त्यासाठी लोकरीच्या काळ्या दोऱ्याची माळ करतात. मणी ओवत नाहीत. दोऱ्यालाच गाठी मारतात. गाठ साधी नसते, एकात एक अनेक क्रूस गुंफून ती विणलेली असते. तेहतीस, पन्नास किंवा शंभर गाठी असतात. लोकरीच्या गाठींचा आवाज होत नाही. मठाच्या काळोखात शेजारच्याला न कळता ती फिरवता येते.

या साधनेत शब्द आधी जिभेवर असतो, मग मनात जातो आणि शेवटी हृदयात उतरतो असे ते मानतात. श्वासाशी शब्दाची सांगड घालतात, मस्तक छातीकडे झुकवून बसतात. जिक्र-ए-लिसानी आणि जिक्र-ए-कल्बी हे शब्द ज्यांच्या कानांवरून गेले आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. नक्शबंदी सिलसिल्यात 'वुकूफ-ए-अददी' नावाचा एक नियम आहे. अदद म्हणजे आकडा. जिक्र करताना आकड्याचे भान ठेवायचे, पण ते बेरीज वाढवण्यासाठी नव्हे. मन भरकटू नये म्हणून. मन कुठे गेले हे आकडा चुकला की समजते. मोजणीचा याहून चांगला खुलासा माझ्या वाचनात नाही.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. ते ज्याला हाक मारतात तो त्यांच्या श्रद्धेने ईश्वराचा पुत्र आहे, आपल्या श्रद्धेने हजरत ईसा (अ.) अल्लाहचे बंदे आणि पैगंबर आहेत. साधन सारखे असले म्हणून अकीदा एक होत नाही. हा फरक पुसून टाकणारी गोड भाषा मला नको आहे, आणि तो फरक आहे म्हणून सारखेपणाकडे डोळेझाक करणेही नको आहे.

अॅथॉसच्या या साधनेवर चौदाव्या शतकात मोठा वाद झाला. बार्लाम नावाच्या विद्वानाने या संन्याशांची थट्टा केली. त्यांच्या बाजूने ग्रेगरी पालामास (१२९६–१३५९) उभा राहिला आणि १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी त्याचे म्हणणे मान्य केले. हाच पालामास १३५४ साली गॅलिपोलीजवळ समुद्रप्रवासात उस्मानी तुर्कांच्या हाती सापडला. ओरहान गाझींचा तो काळ. पालामास वर्षभर कैदेत होता. बुर्सा, इझनिक अशा गावांतून त्याला फिरवले, पण त्या काळात त्याला मुसलमान आलिमांशी धर्मचर्चा करता आली. या चर्चांची हकिकत त्याने स्वतःच पत्रातून कळवली आहे. चर्चा तिखट झाल्या. एकदा हातघाईवरही आले. तरी इझनिकच्या चर्चेअखेर जमलेल्या मुसलमानांपैकी एक जण म्हणाला की, एक वेळ अशी येईल जेव्हा आपले एकमेकांशी जुळेल. पालामासने त्याला होकार दिला आणि ती वेळ लवकर यावी असे म्हटले. त्याच सुमारास बुखाऱ्याजवळ हजरत बहाउद्दीन नक्शबंद (१३१८–१३८९) मूक जिक्रची शिकवण देत होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नसेल.

निरक्षरांची दीडशे

पश्चिम युरोपात माळ वेगळ्या कारणाने वाढली. तिथल्या मठांत दाऊद (अ.) यांच्या नावाची दीडशे स्तोत्रे लॅटिनमध्ये म्हणण्याची रीत होती. पण शेतात राबणारे, स्वयंपाक करणारे मठवासी वाचू शकत नव्हते. त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी पोथीऐवजी 'पाटेर नोस्टर' म्हणजे 'आमच्या पित्या' ही एकच पाठ प्रार्थना ठरवून दिली गेली. संत फ्रान्सिस यांच्या १२२३ च्या नियमावलीत ज्यांना अक्षरओळख नाही अशा बंधूंसाठी दिवसाच्या प्रत्येक वेळेला किती प्रार्थना म्हणायच्या याचा हिशेब दिला आहे : कुठे चोवीस, कुठे पाच, कुठे सात, कुठे बारा. बेरीज केली तर दिवसाला शहात्तर भरते. एवढा हिशेब बोटांवर राहत नाही. हातात माळ आली.

ती इतकी आली की धंदा उभा राहिला. पॅरिसमधील कारागिरांच्या संघांचे नियम १२६८ च्या सुमारास लिहून काढले गेले. त्यात माळा करणाऱ्यांचे वेगवेगळे संघ आहेत : हाडाचे आणि शिंगाचे मणी करणारे वेगळे, पोवळ्याचे आणि शंखशिंपल्यांचे करणारे वेगळे, अंबरचे करणारे वेगळे. लंडनमध्ये 'पाटेरनोस्टर रो' नावाची गल्लीच होती. इंग्रजीत मण्याला 'बीड' म्हणतात. तो शब्द मुळात प्रार्थनेचा. आधी प्रार्थना होती, मग तिचे नाव मण्याला मिळाले.

क्रुसेडच्या युद्धांत मुसलमानांच्या हातातली तसबीह पाहून युरोपीय लोकांनी माळ उचलली, असेही एक मत आहे. आपल्याकडे ते अभिमानाने सांगतात. पण इंग्लंडच्या कॉव्हेंट्री येथील गोडिव्हा नावाच्या उमरावपत्नीने मरताना आपली रत्नांची माळ मरियमच्या मूर्तीसाठी ठेवली, आणि त्या माळेवर ती प्रार्थना मोजत असे, असे विल्यम ऑफ माम्सबरी या इतिहासकाराने बाराव्या शतकात लिहिले आहे. गोडिव्हा वारली १०६७ च्या सुमारास. पहिले क्रुसेड निघाले १०९६ मध्ये. म्हणजे क्रुसेडवाल्यांनी ती आणली हे मत टिकत नाही. दोन्ही माळांचे मूळ हिंदुस्थानातील हिंदू आणि बौद्ध जपमाळेत आहे असे काही अभ्यासकांनी मांडले. आपल्या देशातली माळ जुनी आहे यात शंका नाही. पण ती कोणत्या वाटेने, कोणाच्या हातून पश्चिमेला गेली याचा कागद कोणी दाखवलेला नाही. त्या तरुणाचे विधान आणि हे अभिमानाचे विधान, दोन्ही एकाच जातीची आहेत : सांगायला सोपी, पुराव्याला लंगडी.

पुढे 'आमच्या पित्या'च्या जोडीला 'नमो मरिया' ही मरियमची वंदना आली. दीडशे स्तोत्रांच्या जागी दीडशे वंदना. पंधराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील ट्रियर येथील एका मठवाशाने, डॉमिनिक ऑफ प्रशिया याने, पन्नास वंदनांना हजरत ईसांच्या आयुष्यातील एकेक प्रसंग जोडला. हा मोठा बदल होता. तोंडाने पाठ शब्द चालू आहेत, बोटे मणी सरकवत आहेत आणि मन एका प्रसंगावर स्थिर आहे. अशी तीन कामे तिघांना वाटून दिली गेली. नुसत्या मोजणीची माळ चिंतनाची माळ झाली. १५६९ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तिला पक्के रूप दिले.

पूर्ण माळ दीडशेची, आणि रोजची तिचा तिसरा हिस्सा, पन्नासची. पोर्तुगीजांबरोबर ही माळ गोव्यात आली. तिसऱ्या हिश्श्याला पोर्तुगीजमध्ये 'तेर्सु' म्हणतात; म्हणून गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून संध्याकाळी म्हणतात तो 'तेर्स'. आपली तेहतीस मण्यांची लहान तसबीह ही नव्व्याण्णवांचा तिसरा हिस्साच की. (२००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी आणखी पाच प्रसंग जोडले, तेव्हापासून हिशेबाने तो तिसरा हिस्सा राहिला नाही, नाव मात्र तेच आहे.)

माळ आणि तोफ

ज्या पोपने माळेला रूप दिले, त्यानेच तिला युद्धात नेले. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी ग्रीसच्या किनाऱ्यालगत लेपांटो येथे उस्मानी आरमार आणि ख्रिस्ती राज्यांचे संयुक्त आरमार यांची गाठ पडली. उस्मानी आरमाराचा पराभव झाला. हा विजय माळेच्या प्रार्थनेने मिळाला असे पोपने मानले आणि त्या दिवसाचा सण ठरवला. १७१६ मध्ये हंगेरीच्या आघाडीवर उस्मानींचा पुन्हा पराभव झाला, तेव्हा तो सण साऱ्या कॅथॉलिक जगासाठी लागू झाला. ऑक्टोबर महिना आजही त्यांच्याकडे माळेचा महिना आहे.

आपल्याला हे वाचून वाईट वाटणे साहजिक आहे. पण लेपांटोच्या त्या जहाजांवर दुसऱ्या बाजूलाही जिक्र करणारे लोक असणारच. दोन्हीकडच्या वल्हेकऱ्यांत साखळीने बांधलेले कैदी होते. मिसरच्या डोंगरावर मांडीवर खडे घेऊन बसलेल्या पॉलचा यात काय दोष? वस्तू निरागस असते. ती कोणत्या मिरवणुकीत धरली जाते यावर तिचे नाव ठरते. तसबीहचेही असे मिरवणे आपण पाहिले आहे. निवडणुकीच्या व्यासपीठावर, छायाचित्रासाठी, मनगटाला गुंडाळलेली.

कायद्याने खिशात गेलेली माळ

याच सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये उलटे घडत होते. राजा आठवा हेन्री पोपपासून वेगळा झाला होता. १५३८ मध्ये त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने धर्मगुरूंना हुकूम पाठवले. यात्रा, मूर्तींपुढील मेणबत्त्या यांच्याबरोबर, अर्थ न समजता आणि मन न लावता मणी मोजत बसणे हेही त्याज्य ठरवले गेले. हा आक्षेप खोटा नव्हता. हजरत ईसांनीच परक्या लोकांसारखी पोकळ बडबड करू नका असे सांगितल्याचे बायबलच्या मत्तयकृत शुभवर्तमानात आहे, आणि सुधारक त्यावर बोट ठेवीत. कुफ्याच्या मशिदीतल्या रागाशी या आक्षेपाचे नाते आहे.

पण आक्षेपाचा कायदा झाला की त्याचे रूप पालटते. १५७१ मध्ये, म्हणजे लेपांटोच्याच वर्षी, राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटने रोमकडून आलेले क्रूस, चित्रे आणि मणी देशात आणणे व वाटणे गुन्हा ठरवला. एका समुद्रावर माळेच्या नावाने विजय साजरा होत होता आणि दुसऱ्या बेटावर तीच माळ बाळगणारा संशयित ठरत होता. मन न लावता मोजणारे किती होते आणि मन लावून मोजणारे किती, हे कायद्याला पाहता येत नाही. त्याला फक्त मणी दिसतात.

पुढे प्रॉटेस्टंट पंथ जगभर गेले ते माळेवाचून. आपल्या महाराष्ट्रातही वसई आणि मुंबईच्या कॅथॉलिक घरांत माळ होती, आणि नगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या ख्रिस्ती घरांत मराठी गीते आणि बायबल होते, माळ नव्हती. दोघेही ख्रिस्तीच, पण खिळ्याला टांगलेली माळ दिसली की घर कोणाचे ते कळे.

टेक्सासमधील तेहतीस मणी

आणि मग चक्र फिरले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील टेक्सास राज्यात काही माणसे चिंतनपर प्रार्थनेचा अभ्यास करण्यासाठी एकत्र जमत असत. त्यांचे मार्गदर्शक लिन बाउमन हे एपिस्कोपल चर्चचे, म्हणजे एलिझाबेथच्या चर्चच्या अमेरिकन शाखेचे पाद्री. मौन धरून बसले की मन थाऱ्यावर राहत नाही, हाताला काही काम हवे, हा त्यांचाही अनुभव. त्यांनी एक नवी माळ घडवली. सात-सात मण्यांचे चार भाग, त्यांच्या मधे चार मोठे मणी आणि आरंभीचा एक. अठ्ठावीस, चार आणि एक मिळून तेहतीस, टोकाला क्रूस. सात म्हणजे आठवड्याचे दिवस, चार मोठे मणी म्हणजे क्रूसाची चार टोके, आणि तेहतीस म्हणजे परंपरेनुसार हजरत ईसांची पृथ्वीवरील वर्षे.

ही माळ तीन वेळा फिरवली की नव्व्याण्णव होतात. क्रूस धरून शंभर. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटले आणि घरातली तसबीह मोजून पाहिली. तेहतीस मणी, तीन फेरे, नव्व्याण्णव. आणि वर इमाम. त्यांनी ती आपल्यावरून घेतली असे मी म्हणणार नाही. त्यांच्या आकड्यांना त्यांची कारणे आहेत, आपल्या आकड्यांना आपली.

या माळेला ठरलेली प्रार्थना नाही, हे तिचे वैशिष्ट्य. कोणी अॅथॉसचे लहान वाक्य म्हणतो, कोणी स्तोत्रातली एखादी ओळ, कोणी फक्त श्वास मोजतो. कॅथॉलिकांच्या माळेची जी शिस्त आहे ती इथे नाही, आणि जी मोकळीक इथे आहे ती तिथे नाही. आज ही माळ अँग्लिकनांपुरती राहिलेली नाही. इतर प्रॉटेस्टंट पंथांतही ती वापरतात. ज्यांच्या पूर्वजांनी 'मन न लावता मोजणे' म्हणून माळ टाकली, त्यांनी मन लागावे म्हणून ती पुन्हा हाती घेतली. मधे चारशेहून अधिक वर्षे गेली. पूर्वजांचा आक्षेप चुकीचा ठरला असे नाही. त्यांनी रोग ओळखला होता. औषध म्हणून मणी फेकले, आणि रोग मण्यांत नव्हता.

चाचांना काय सांगायचे होते

त्या रात्री माझ्यापाशी ही माहिती असती तर मी दोघांशी बोललो असतो. तरुणाला म्हटले असते, बोटांवर मोजणे उत्तम, ती सुन्नत आहे, तू सांगितलेस ते बरे केलेस. पण माळ ख्रिस्ती लोकांकडून आली हे पुराव्याने सांगता येत नाही. आणि आली असती तरी तेवढ्याने तिचा निकाल लागत नाही. बिदअतच्या बाबतीत ज्यांचा शब्द अतिशय कडक मानला जातो त्या इमाम इब्न तैमिया (मृत्यू इ.स. १३२८) यांचा या विषयावरचा फतवा तू वाच. बोटांवर मोजणे ही सुन्नत, खड्यांवर मोजणेही चांगले, ओवलेल्या मण्यांविषयी काहींनी नापसंती दाखवली आहे आणि काहींनी नाही. नियत चांगली असेल तर त्यात वावगे नाही, अशा आशयाचे ते लिहितात. त्यांचा राग आहे तो गरज नसता माळ गळ्यात किंवा मनगटात मिरवणाऱ्यांवर. लोकांना दाखवण्यासाठी धरलेली माळ ही रिया आहे, निदान रियासारखी आहे, असे ते म्हणतात. चाचा तर सारे गेल्यावर खांबाआड बसले होते.

आणि चाचांना मी एवढेच म्हटले असते की, तसबीह खिशात ठेवायची तर ठेवा, पण उठून जाऊ नका. बसा. तुमच्या बोटांची पेरे आता दुखतात, आकडा विसरतो, म्हणून तुम्ही माळ घेतली होती. मुलांनी हजहून आणली म्हणून घेतली होती. कुराणात अल्लाहची याद पुष्कळ करा असा हुकूम आहे. ती कशावर मोजा हे त्यात सांगितलेले नाही.

एक बिदअत बंद झाली या समाधानात तो तरुण झोपला असेल. त्याच्या नियतवर माझा संशय नाही. पण मशिदीच्या त्या खांबापाशी इशानंतर अर्धा तास जो जिक्र होत असे, तो थांबला. क्रॉमवेलच्या हुकुमानंतर इंग्लंडच्या खेड्यांतील किती म्हाताऱ्यांनी असेच आपले मणी मुठीत गोळा केले असतील आणि काही न बोलता घरची वाट धरली असेल, याचा हिशेब कुठल्याही इतिहासात लिहिलेला नाही. आपल्या गावातला एक मला ठाऊक आहे, म्हणून तो इथे नोंदवला.